नागपूरला पोस्टिंग: फौजी कुटुंबानं वस्ती कशी निवडावी

पोस्टिंगची ऑर्डर हातात आली की बहुतेक घरांत पहिला प्रश्न येतो, युनिटच्या गेटपासून घर किती लांब? हा प्रश्न नंतरचा आहे. फौजीची नोकरीच अशी, की वर्षातले कितीतरी दिवस तो एक्सरसाइज, कोर्स, टेम्पररी ड्युटीवर असतो, आणि पुढची ऑर्डर फील्डची, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणची, निघाली तर दोन-तीन वर्षं घर एकट्या बाईला चालवायचं असतं. म्हणून वस्ती निवडायची ती तो घरी नसतानाच्या दिवसांसाठी. त्याला गेटपर्यंत दहा किलोमीटर गाडी चालवावी लागली तर काही बिघडत नाही. रात्री दोन वाजता मुलाला ताप चढला आणि गल्लीत ओळखीचं कोणी नसलं, तर मात्र फार बिघडतं. हा हिशेब मनाशी पक्का करून मगच नागपूरचा नकाशा उघडा.

ऑर्डरवरचं नागपूर नेमकं कुठलं?

ऑर्डरवर नुसतं नागपूर लिहिलेलं असलं तरी शहराची दोन टोकं निघू शकतात. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय वायुसेना नगरात आहे, म्हणजे पश्चिमेला हजारीपहाड आणि फ्रेंड्स कॉलनीच्या बाजूला. सोनेगावचं एअर फोर्स स्टेशन दक्षिणेला, वर्धा रोडवर विमानतळाला लागून. कामठी छावणी शहराच्या ईशान्येला साधारण १६ किलोमीटरवर. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर, एनसीसीची अधिकारी प्रशिक्षण अकादमी आणि मिलिटरी हॉस्पिटल तिथे आहेत. सीताबर्डीचा किल्ला शहराच्या अगदी मध्यात, तिथे टेरिटोरियल आर्मी. कामठीहून सोनेगावला जायचं म्हणजे अख्खं शहर आडवं कापायचं. कामठीत ड्युटी असलेल्यानं दक्षिणेकडच्या मनीषनगरात घर घेतलं, तर रोज दोनदा शहराचा सगळा ट्रॅफिक अंगावर येतो.

पुलगावच्या दारूगोळा डेपोत पोस्टिंग असलेली काही कुटुंबं मुलांच्या शाळेसाठी नागपुरात राहतात. अंतर शंभर किलोमीटरच्या वर, तेव्हा रोजचं येणंजाणं डोक्यातून काढा. सुट्टीला येणारा माणूस रेल्वेनं येणार, म्हणून अजनी किंवा नागपूर स्टेशनला सोयीची वस्ती बघा. अजनीच्या आसपास रेल्वे, मेट्रो आणि केंद्रीय विद्यालय तिन्ही जवळ मिळतात.

क्वार्टरची यादी आणि बाहेरचं घर

येण्याआधीच युनिटच्या ॲडजुटंट शाखेतून किंवा स्टेशन हेडक्वार्टरकडून दोन गोष्टी विचारून घ्या. आपल्या दर्जाच्या क्वार्टरच्या वेटिंग लिस्टमध्ये पुढे किती जण आहेत, आणि गेल्या सहा महिन्यांत ती यादी किती सरकली. निव्वळ क्रमांकाला अर्थ नाही. चाळीसावा नंबर असून तीन महिन्यांत क्वार्टर मिळू शकतं आणि दहावा असून वर्ष निघू शकतं, कारण बदल्यांचा हंगाम आला की यादी एकदम हलते आणि एरवी थांबते.

यादी लवकर सरकणार असेल तर बाहेरचं घर तात्पुरतं समजा. कपाटं बसवू नका, अकरा महिन्यांच्या लॉक-इनला, म्हणजे त्या मुदतीत घर न सोडण्याच्या अटीला, हो म्हणू नका. क्वार्टर मिळणारच नसेल तर नॉन-अव्हेलेबिलिटी सर्टिफिकेट आधी हातात घ्या, घराचा करार नंतर. त्याशिवाय घरभाडे भत्त्याचा दावा अडकतो. सातव्या वेतन आयोगाच्या वर्गवारीत नागपूर वाय वर्गात येतं आणि जानेवारी २०२४पासून त्या वर्गाचा दर २० टक्के आहे. आपल्या पगारावर नक्की किती बसतात ते युनिटमधल्या हिशेबाच्या माणसाकडून काढून घ्या आणि घराचं बजेट त्या आकड्यावर बांधा, एजंट सांगेल त्यावर नाही. भाड्याबरोबर मेंटेनन्स, पाणी आणि उन्हाळ्याचं वीजबिल धरा. नागपुरात एप्रिल ते जून वीजबिल एरवीच्या दुप्पट सहज होतं.

फील्डला जाणाऱ्यांनी सेपरेटेड फॅमिली क्वार्टरसाठी, म्हणजे मागे राहणाऱ्या कुटुंबासाठीच्या घरासाठी, वेळेत नाव लावावं. त्या यादीचा क्रम वेगळा असतो आणि उशिरा अर्ज केला तर नुकसान फक्त कुटुंबाचं होतं.

शाळा ठरली की निम्मी वस्ती ठरली

शाळकरी मुलं असतील तर हा टप्पा घराच्या आधी. नागपुरात केंद्रीय विद्यालयं वायुसेना नगर, अजनी, ऑर्डनन्स फॅक्टरी अंबाझरी आणि कामठी इथे आहेत. कामठीला आर्मी पब्लिक स्कूल आहे.

केंद्रीय विद्यालयातून येणाऱ्या मुलाचं काम तुलनेनं सोपं. केव्हीची टीसी आणि वडिलांच्या बदलीचा कागद असला की बदलीवर प्रवेशाचा रस्ता खुला होतो. दुसऱ्या शाळेतून येणाऱ्यांना दुसरीपासून पुढे रिकाम्या जागांवर थांबावं लागतं. पहिलीसाठी ३१ मार्चला सहा वर्षं पूर्ण हवीत, आणि नोंदणी ऑनलाइन ठरावीक दिवसांतच होते. प्राधान्य ठरवताना मागच्या सात वर्षांतल्या बदल्यांची संख्या मोजली जाते, म्हणून बदल्यांचं प्रमाणपत्र युनिटकडून आधीच सही-शिक्क्यानिशी करून ठेवा. साहेब सुट्टीवर आणि पोर्टल उद्या बंद, ही फजिती दरवर्षी कुणाची ना कुणाची होते.

खासगी शाळेत घालणार असाल तर मराठीचं विचारून घ्या. २०२०च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी शिकवणं सक्तीचं झालं आहे. पंजाब किंवा आसामातून थेट सातवीत आलेल्या मुलाला शाळा कशी सांभाळून घेते, परीक्षेत सवलत देते का, हे प्रवेशाआधी मुख्याध्यापकांशी बोला. आपलं मूल मराठी घरातलं असलं तरी वर्षानुवर्षं बाहेर राहिल्यानं बोलता येतं आणि लिहिता येत नाही, अशी अवस्था पुष्कळदा असते.

दहावी-बारावीतल्या मुलांच्या घरी आणखी एक कागद लागतो. राज्यातल्या इंजिनिअरिंग प्रवेशात सेनादलाच्या मुलांसाठी राखीव जागा असतात. त्यात डिफेन्सचे तीन प्रकार आहेत: महाराष्ट्राचे रहिवासी असलेल्या माजी सैनिकांची मुलं, महाराष्ट्राचे रहिवासी असलेल्या सेवारत सैनिकांची मुलं, आणि रहिवासी नसले तरी महाराष्ट्रात बदलून आलेल्यांची मुलं. आपण कुठल्या प्रकारात बसतो ते अकरावीतच नक्की करा.

शाळा ठरली की बसचे थांबे मागा. घर शाळेपासून सहा किलोमीटरवर असलं तरी चालेल, पण बसचा थांबा पायी पाच मिनिटांत हवा, आणि मधे रिंग रोड ओलांडावा लागता कामा नये.

कुठली ड्युटी, कुठली वस्ती

वायुसेना नगरवाल्यांसाठी फ्रेंड्स कॉलनी, हजारीपहाड, दाभा, गिट्टीखदान, बोरगाव आणि काटोल रोडचा पट्टा. फौजी आणि निवृत्त फौजी कुटुंबं या भागात पूर्वीपासून आहेत, आणि नव्यानं येणाऱ्या एकट्या बाईला त्याचा फार आधार होतो. किराणावाल्यापासून पाळणाघरवालीपर्यंत सगळ्यांना पोस्टिंग म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मेट्रो मात्र इथे दाराशी नाही. घरात दुसरी दुचाकी नसेल तर हा भाग जड जातो. अमरावती रोडवरच्या वाडीत भाडं कमी पडतं, पण ती नगरपरिषद वेगळी, आणि ट्रान्सपोर्टच्या गोदामांमुळे ट्रकची ये-जा दिवसरात्र. सायकलनं शाळेत जाणारं मूल असेल तर वाडीला मुख्य रस्त्यापासून आतलंच लेआउट बघा.

सोनेगावसाठी पर्याय भरपूर आहेत. सोनेगाव, प्रतापनगर, खामला, स्वावलंबीनगर, त्रिमूर्तीनगर, जयप्रकाशनगर, नरेंद्रनगर, मनीषनगर. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ही मेट्रो वर्धा रोडनं जाते, त्यामुळे जयप्रकाशनगर किंवा उज्ज्वलनगर स्टेशनजवळ घर मिळालं तर गाडी न चालवणाऱ्या बाईलाही सीताबर्डी, मुख्य रेल्वे स्टेशन, लोकमान्यनगर सगळीकडे जाता येतं. विमानतळाजवळच्या मिहान या उद्योग-प्रकल्पातल्या आयटी कंपन्यांत नोकरी शोधणाऱ्या पत्नीसाठीही हाच पट्टा बरा, आणि एम्सही मिहानमध्येच आहे. बेसा-बेलतरोडीकडे नव्या कोऱ्या फ्लॅट स्कीम कमी भाड्यात मिळतात. तिथे पाण्याची चौकशी कडक करा, अनेक स्कीम बोअर आणि टँकरवर चालतात. नरेंद्रनगरचा रेल्वे पुलाखालचा रस्ता जोरदार पावसात तुंबतो. शाळेची बस त्याच रस्त्यानं येत असेल तर पावसाळ्यात ती कुठून वळते, हे ड्रायव्हरलाच विचारा.

कामठीवाल्यांपुढे खरी निवड असते: कामठीतच राहायचं की उत्तर नागपुरात. छावणीजवळ राहिलं तर हॉस्पिटल, कॅन्टीन, शाळा सगळं हाताशी, पण छावणीबाहेरच्या कामठीत चांगली भाड्याची घरं मोजकी. उत्तर नागपुरात जरीपटका, नारा, नारी, मानकापूर, झिंगाबाई टाकळी आणि थोडं मध्यभागी सदर, बैरामजी टाऊन. कामठी रोडवर एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक हा उड्डाणपूल २०२४मध्ये सुरू झाल्यापासून शहरातून कामठीला निघणं सुसह्य झालं आहे. ऑटोमोटिव्ह चौकाच्या पुढे कन्हानपर्यंत मेट्रोचा दुसरा टप्पा मंजूर आहे, पण त्या भरवशावर आज जास्त भाडं देऊ नका. लहान मूल किंवा गरोदर पत्नी असेल तर आमचा सल्ला सरळ आहे, घर साधं असलं तरी कामठीत, मिलिटरी हॉस्पिटलजवळ राहा.

कोराडी रोडच्या पुढच्या टोकाला घर बघत असाल तर गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीच्या झाकणावरून बोट फिरवा. कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रं त्या बाजूला आहेत. बोटाला राखाडी, पिठासारखी बारीक पूड लागली तर घरात दम्याचा पेशंट असताना तिथे राहू नका.

घर बघायला कधी जायचं, काय बघायचं

एकच घर दोनदा बघा. एकदा सकाळी सात ते आठ, कारण पाणी, शाळेच्या बसा आणि गल्लीतली वर्दळ तेव्हाच कळते. आणि एकदा दुपारी तीनला. उन्हाळ्यात नागपुरात ४५ अंश नवलाचे नाहीत, २३ मे २०१३ला तर पारा ४७.९वर गेला होता. वरच्या मजल्याच्या फ्लॅटमध्ये, पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा. नोव्हेंबरातही ती गरम लागली तर मे महिन्यात ती खोली वापरता येणार नाही. भाडं हजार रुपयांनी कमी म्हणून वरचा मजला घेणारे पुढे ते हजार आणि वर आणखी दोन हजार विजेत घालतात. मधला मजला, पूर्वेची किंवा उत्तरेची बेडरूम, हे पहिलं मागणं.

कूलरची जागा बघायला विसरू नका. इथे कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही. मोठ्या कूलरला खिडकी लागते, बाहेर लोखंडी स्टँड लागतो, आणि समोरच्या बाजूनं हवा बाहेर जायला दुसरी खिडकी उघडी लागते. ती नसली की खोलीत नुसती ओल साठते आणि गारवा येत नाही. काही स्कीममध्ये बाहेर स्टँड लावू देत नाहीत, ते आधी विचारा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या ऐन उन्हाच्या नऊ दिवसांत, मोठा कूलर दिवसाला शंभर लिटरच्या पुढे पाणी सहज पितो, म्हणून कूलर आणि पाणी हे दोन प्रश्न वेगळे धरू नका. वाळ्याच्या किंवा वूडवूलच्या ताट्या दर हंगामात बदलाव्या लागतात. पावसाळा लागला की टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, वाळवा. डेंग्यूचा डास तिथेच वाढतो.

पाण्यासाठी घरमालकाला ‘पाणी येतं का?’ विचारून उपयोग नाही, सगळे हो म्हणतात. ओसीडब्ल्यूचं, म्हणजे शहराला पाणी पुरवणाऱ्या ऑरेंज सिटी वॉटर कंपनीचं, बिल दाखवा म्हणावं. बिल असेल तर नळाची जोडणी खरी. मग नळ किती तास येतो, टाकी किती लिटरची, टँकर लागला तर पैसे कोण देतं, हे विचारा. इस्त्रीवाला आणि दूधवाला यांची साक्ष घरमालकापेक्षा खात्रीची.

पुराचं तर नक्की तपासा. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली, आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा चांगल्या, महाग वस्त्यांत तळमजल्यांत पाणी शिरलं. बचावासाठी कामठीहून सैन्याच्या तुकड्या आल्या होत्या. घर नाल्याच्या किंवा नदीच्या काठावर असेल तर पार्किंगमध्ये उतरून भिंतीवरच्या ओलीच्या रेषा बघा, विजेचे मीटर किती उंचीवर बसवलेत ते बघा. अलीकडेच मीटर वर सरकवलेले दिसले तर तळमजला घेऊ नका. तो घरी नसताना मध्यरात्री पाणी उपसणं आणि मुलांना वर नेणं एकटीला जमत नाही.

एसी लावणार असाल तर महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार वाचा. एक किलोवॅटच्या जोडणीवर दीड टनाचा एसी आणि गीझर लावला की मे महिन्यात ट्रिपिंग सुरू होतं.

करारात बदलीचं कलम

आपल्याकडे फौजीला बदली झाल्यावर लॉक-इनमधून आपोआप सुटका मिळत नाही. जे लिहून घ्याल तेवढंच. एजंटचा छापील मसुदा जसाच्या तसा स्वीकारू नका, त्यात असं कलम घालून घ्या (परवानाधारक म्हणजे भाडेकरू): ‘परवानाधारकाची बदली, फील्ड पोस्टिंग किंवा प्रतिनियुक्ती झाल्यास अथवा सरकारी निवासस्थान मिळाल्यास, ३० दिवसांच्या लेखी सूचनेने हा करार संपवता येईल. अशा वेळी लॉक-इन कालावधी लागू राहणार नाही. अनामत रक्कम ताबा दिल्यापासून १५ दिवसांच्या आत परत करण्यात येईल.’ सरकारी निवासस्थानाचे शब्द गाळू नका, क्वार्टर मिळाल्यावर घर सोडताना वाद त्यावरच होतात. पुरावा म्हणून मूव्हमेंट ऑर्डरची प्रत घरमालकाला देऊ नका. युनिटचं साधं प्रमाणपत्र पुरे, आणि तेवढंच द्या.

करारात पत्नीचंही नाव सहपरवानाधारक म्हणून हवं. तो फील्डला गेल्यावर गॅसचा पत्ता, शाळेचा पत्त्याचा पुरावा, कराराचं नूतनीकरण, सगळं तिच्या नावावर सुरळीत होतं. नाव नसलं की प्रत्येक ठिकाणी त्याची सही मागतात आणि तो असतो नेटवर्कबाहेर.

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५नुसार सक्तीचं आहे. नोंदणी ऑनलाइन, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर होते. म्हणजे ठसा द्यायला तो हजर लागतो. निघायला दहा दिवस राहिले असतील तर पडदे आणि फर्निचर नंतर, नोंदणी आधी. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात दिली का, तेही घरमालकाला विचारा आणि पोच मागून घ्या.

घराचा ताबा घेताना मीटरचं रीडिंग, भिंतींच्या भेगा, नळांची गळती, फरशीचे तडे यांचे फोटो काढून त्याच दिवशी घरमालकाला पाठवा. सोडताना डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापण्यावर जे भांडण होतं ते निम्मं इथेच मिटतं.

शेजार

दोन घरं इतर बाबतींत सारखी असली तर खाली घरमालक आणि वर भाडेकरू असं घर निवडावं, असं आमचं ठाम मत आहे. थोडी चौकशी होते, रात्री उशिरा गेट वाजलं की प्रश्न येतो, पण अडीनडीला माणूस असतो. अट एकच, त्या घरातल्या बाईशी आपल्या बाईनं आधी स्वतः बोलून घ्यावं. पाहुणे, सासरची-माहेरची मंडळी महिनाभर राहायला येतील, घरात मटण-मासे शिजतील, मुलं गच्चीवर खेळतील, हे पहिल्या भेटीतच सांगून टाका. घर हातचं गेलं तरी चालेल, दर रविवारी कुरबूर नको.

मोठ्या फ्लॅट स्कीममध्ये चौकीदार रात्री खरंच असतो का, ते रात्री अकराला जाऊन बघा.

राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात एक कागद करा आणि फ्रिजवर चिकटवा. वरती १०८ ही रुग्णवाहिका आणि ११२ पोलिस. मग मिलिटरी हॉस्पिटल किंवा एमआय रूमचा (युनिटच्या दवाखान्याचा) ड्युटी फोन, युनिटमधल्या त्या माणसाचा नंबर ज्याच्यावर कुटुंबांची जबाबदारी आहे, जवळच्या चोवीस तास चालणाऱ्या खासगी हॉस्पिटलचा पत्ता, दोन शेजाऱ्यांची नावं, ओळखीचा ऑटोवाला. रात्री जीवावरचा प्रसंग आला तर वायुसेना नगराहून कामठीपर्यंत धावू नका. जवळच्या हॉस्पिटलात दाखल करा आणि त्याच दिवशी मिलिटरी हॉस्पिटलला कळवा. कळवल्याची वेळ आणि फोनवर बोललेल्याचं नाव लिहून ठेवा, पुढे बिलाच्या परताव्याला ते लागतं. डिपेंडंट कार्ड पाकिटात हवं, कपाटात नको.

परराज्यातून गाडी आणली असेल तर बारा महिन्यांच्या वर इथे ठेवायची तर इथली नोंदणी लागते. नवी गाडी घेणार असाल तर बीएच मालिकेचा नंबर घ्या, सेनादलातल्यांना तो मिळतो आणि पुढच्या बदलीला आरटीओच्या चकरा वाचतात.

आणि पुढची ऑर्डर निघाली की घरमालकाला नोटीस द्यायच्या आधी शाळेत जाऊन टीसीचा अर्ज द्या. घर महिन्यात सुटतं. टीसी मात्र परीक्षांच्या आणि सुट्ट्यांच्या मधे अडकली की नव्या गावी मूल जून-जुलै घरी बसून काढतं.